टायरातला द्रव आणि बाटलीवरचे नाव

ज्या वस्तूचा गुण घेणाऱ्याला हाताने चाचपून किंवा डोळ्यांनी पारखून पाहता येतो, तिच्या नावाची तो फारशी चौकशी करीत नाही. दोर ओढून पाहता येतो, पाना नटाला लावून पाहता येतो, ट्यूब फुगवून पाण्यात बुडवली की तिचे खरेखोटे तेथल्या तेथे उघड होते. परंतु पंक्चर आपोआप बुजावे म्हणून टायरात आधीच घालून ठेवण्याचा जो द्रव बाजारात मिळतो, त्याचा मामला निराळा आहे. तो एकदा व्हॉल्व्हमधून आत गेला की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो आपले काम चोख बजावीत असेल तर बाहेर काहीच घडत नाही. आणि काहीच न घडणे हाच त्याचा गुण असल्यामुळे त्या गुणाचा पुरावा गिऱ्हाइकाच्या हाती सहसा येत नाही. अशा अदृश्य मालाची सारी पत बाटलीवरच्या नावावर उभी असते. नगर-मनमाड रस्त्यावर कोपरगावनजीक टायर-ट्यूब आणि सुट्या भागांचे दुकान चालवण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला, आणि त्या अवधीत दुकानाच्या फळीवर जी नावे आली, टिकली आणि गेली, ती पाहून माझे असे मत झाले आहे की, लोक ज्यांना प्रथमदर्शनी विचित्र, क्वचित किळसवाणीही म्हणतात, ती नावेच बहुधा खरे बोलत असतात. जपून राहावे ते भारदस्त नावांपासून.

या धंद्यात नावांचे भाग्य पहिल्यापासूनच लोकविलक्षण आहे. हवेच्या टायरची मूळ कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाची, आणि त्याने तिचे पेटंट १८४५ मध्ये घेतले होते. पण ती विस्मृतीत गेली आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. त्या पशुवैद्याचे आडनाव आमच्या भागात बैलगाडीला लागले. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या रबरी चाकांच्या गाडीला शेतकरी सरळ ‘डनलॉप’ म्हणतो, मग तिला टायर कोणत्याही कारखान्याचे असोत. जादा चाकाला आपण सारे ‘स्टेपनी’ म्हणतो, ते वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिस बंधूंनी तेथे जादा चाक विकायला काढले, ते चाक इतिहासजमा झाले आणि रस्त्याचे नाव मात्र हिंदुस्थानातल्या प्रत्येक गॅरेजात उरले. आणि फ्रान्सच्या मिशलँ कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा गलेलठ्ठ माणूस! त्याचे नाव बिबेंडम. १८९८ च्या पहिल्या भित्तिचित्रात तो खिळ्यांनी आणि काचांच्या तुकड्यांनी भरलेला पेला हातात उंचावून उभा आहे, आणि खालच्या मजकुराचा आशय असा की, आमचा टायर वाटेतले अडथळे पिऊन टाकतो. जाहिरात म्हणून ते चित्र अप्रतिम आहे यात शंका नाही. परंतु त्या काळच्या टायराच्या अंगी ती शक्ती नव्हती. ती पुढे आली, आणि टायरापेक्षा टायरात ओतलेल्या द्रवामुळे आली.

आमचा मुलूख पंक्चरच्या दृष्टीने श्रीमंत आहे, असे म्हणावे लागते. बांधावरची गावठी बाभूळ, तिच्याबरोबरीने माळ व्यापून बसलेली वेडी बाभूळ, हिवर, बोर. उन्हाळ्याच्या तोंडी शेतकरी कुंपणासाठी काटेरी फांद्या तोडतो आणि बैलांच्या मागे ओढीत रस्त्याने नेतो, तेव्हा त्या फांद्यांतून गळलेले काटे पुढे कित्येक दिवस धुळीत पडून राहतात. बाभळीचा काटा टायरातून सरळ आत जातो आणि बाहेरून मोडतो. आत राहिलेले टोक मात्र ट्यूबला पुनःपुन्हा टोचत राहते, आणि म्हणून नवशिक्या मुलाने काढलेले पंक्चर संध्याकाळी पुन्हा दुकानात येते. आमच्या दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिला धडा हाच देत असे, की टामीने टायर उतरवून ट्यूबला ठिगळ लावणे हे निम्मे काम. टायरच्या आतल्या अंगावरून सावकाश बोटे फिरवून मोडलेले टोक शोधून काढणे हे उरलेले निम्मे, आणि तेच अधिक महत्त्वाचे. पंक्चर काढणे म्हणतात ते खरोखर काटा काढणे आहे.

या सगळ्या काटेरी परिवारात सायकलचा खरा वैरी म्हणजे सराटा. जमिनीला धरून पसरणारे, पिवळ्या फुलांचे हे क्षुद्र झाड. पण त्याचे वाळलेले फळ फुटून जे तुकडे होतात त्यांची रचना अशी आहे की तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करून राहतो. स्लाइम नावाचा हिरवागार द्रव माझ्या पाहण्यात प्रथम आला तो पुण्याच्या एका सायकलपटूमुळे, आणि त्याची माहिती वाचताना मला या सराट्याची गाठ पडली याचा मला फार आनंद झाला. स्लाइम १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो येथे निघाला. आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सायकलस्वारांना ज्या काट्याने हैराण केले आहे, ज्याला तेथे बोकडाच्या डोक्याचे नाव आहे, तो काटा म्हणजे आपला सराटाच, जुन्या जगातून तिकडे गेलेला. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी १९६१ मध्ये तेथील सरकारने इटलीहून दोन जातींचे सोंडकिडे आणून सोडले, एक बी पोखरणारा आणि दुसरा खोड पोखरणारा. उलटपक्षी आपल्या माळरानावरची वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली; ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे आणवली गेली. दोन खंडांनी एकमेकांना आपापले काटे दिले, आणि त्या देवघेवीवरचा एक उतारा बाटलीत भरून परत आला, हा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसला तरी टायरवाल्याने तो जाणून घेण्याजोगा आहे.

स्लाइम म्हणजे बुळबुळीत, लिबलिबीत चिखल. शेवाळलेल्या डबक्याच्या काठी असतो तो. दुकानात बाटली मांडली तेव्हा ज्याला इंग्रजी येत होते त्याने नाक मुरडले, आणि ज्याला येत नव्हते त्याने बाटली उजेडात धरून आतला पदार्थ पाहून तेच केले. माझ्या मते हीच त्या नावाची थोरवी आहे. नावाने जे सांगितले तेच बाटलीत निघाले. ग्लायकॉलचा पातळ लगदा, त्यात तंतू आणि रबराचे बारीक कण, बस्स. आणि बाटलीच्या पाठीवर मर्यादाही स्वच्छ लिहिलेली, की ट्यूबमध्ये तीन मिलिमीटरपर्यंतचे आणि ट्यूबलेस टायरात सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र बुजेल, तेही जमिनीला टेकणाऱ्या भागातले, आणि दोन वर्षांनी द्रव बदलावा. चिखलाच्या नावाने विकणारा माणूस अशा मर्यादा लिहिण्यास भीत नाही, हे मी तेव्हा ध्यानात घेतले.

त्याचे कार्य कसे चालते ते मी एकदा मनसोक्त पाहिले आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत हा द्रव घालण्याची प्रथा पडली त्याला एक कारण असे की, टायरात पातळ पदार्थ ओतणे ही शेतकऱ्याला नवलाची गोष्ट नव्हती. मागच्या मोठ्या चाकांत वजनासाठी पाणी भरण्याची रीत जुनीच आहे. एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरचा पुढचा टायर पुरता झिजल्यावर तो आम्ही रिमवरून उतरवला आणि कुतूहलाने आडवा कापून उलटा केला. आतल्या अंगावर हिरवा थर एकसारखा पसरला होता, कारण चाक फिरताना द्रव आपोआप परिघाकडे फेकला जातो. त्या थराला पाण्याने धुतल्यावर खाली काट्यांची टोके दिसू लागली, कोठे बाभळीची, कोठे कुंपणाच्या तारेचा तुकडा. आणि प्रत्येक टोकाभोवती मुगाच्या दाण्याएवढी, रबरासारखी चिवट गाठ जमली होती. हवा छिद्रातून बाहेर पडू लागते तेव्हा ती द्रवाला आपल्याबरोबर ओढते; द्रव निसटून जातो पण तंतू छिद्राच्या तोंडाशी आडवे पडतात, त्यांच्यावर रबराचे कण अडकतात, त्यांच्यावर आणखी तंतू, आणि कालव्याच्या मोरीत काडीकचरा अडकून पाणी तुंबावे तशी हवा तुंबते. मी एक गाठ चिमट्याने उपटली. ती सहज निघाली नाही. तिच्या मुळाशी असलेला काटा पांढरा पडून मऊ झाला होता. किती हंगाम तो तेथे होता कोणास ठाऊक, आणि त्या सर्व काळात त्या शेतकऱ्याने नांगरट, पेरणी, वाहतूक सारे काही केले होते आणि आपल्या चाकात इतके काटे आहेत याची त्याला गंधवार्ताही नव्हती. मी तो कापलेला तुकडा दुकानात दर्शनी भागी टांगून ठेवला. गिऱ्हाइकाला जे कधी दिसत नाही ते दाखवण्याचा तो एकच मार्ग माझ्यापाशी होता, आणि शंभर जाहिरातींहून तो अधिक समर्पक होता.

पुढे ट्यूबलेस टायरांच्या महागड्या सायकली आल्या आणि त्यांच्यामागून परदेशी नावांची रांग लागली. पंक्चरविरोधी द्रव विकणाऱ्या स्टॅन्स नोट्यूब्ज या कंपनीचा पत्ता न्यूयॉर्क राज्यातल्या ‘बिग फ्लॅट्स’ नावाच्या गावचा होता, आणि इंग्रजीत ‘फ्लॅट’ म्हणजे हवा गेलेला टायर! स्टॅन कोझिअटेक या माणसाने स्वतःचे नाव बाटलीवर घातले, म्हणजे तक्रार कोणाकडे न्यायची ते आधीच सांगून टाकले, आणि ते मला आवडले. ब्रिटनच्या मक-ऑफ कंपनीने आपल्या गुलाबी द्रवाचे नाव पंक्चरचा त्रास नको अशा अर्थाच्या अख्ख्या वाक्यानेच ठेवले आहे, आणि तो कोठून गळला ते जांभळ्या दिव्याखाली चकाकून दिसते. एफेत्तो मारिपोसा, म्हणजे फुलपाखराचा परिणाम, अशा काव्यमय नावाच्या कंपनीचा कॅफेलाटेक्स हा द्रव चाक फिरताच फेसाळतो, आणि म्हणून त्याला फेसाळ कॉफीचे नाव. ते चमत्कारिक वाटते, पण तेही द्रवाच्या खऱ्या वर्तनातूनच घेतलेले आहे. ही सारी मंडळी चिकाच्या, म्हणजे लाटेक्सच्या जातीची. चीक छिद्रापाशी गोठतो आणि चिखलाहून जलद काम करतो. पण तो वाळतो, आणि आमच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर वाळतो. सायकल घेऊन येणाऱ्या मुलांना मी सांगत असे की होळी झाली की एकदा, आणि पाऊस पडला की पुन्हा एकदा व्हॉल्व्हची पिन काढून आत पाहावे, काडी ओली निघते की कोरडी.

पंक्चर काढणाऱ्या कारागिरांना हा प्रकार आवडला नाही, आणि त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. आमच्या रस्त्यावर केरळातून आलेले कारागीर होते, पुढे उत्तरेकडचे आले. त्यांच्या कमाईवर या द्रवाने घाला घातला हे तर उघडच आहे. परंतु त्यांचा आक्षेप केवळ पोटाचा नव्हता. या शतकाच्या आरंभी होंडाची ॲक्टिव्हा स्कूटर आली तेव्हा तिच्यात ‘टफ अप’ नावाची ट्यूब होती; दोन पदरांच्या मधे द्रव भरलेला, छिद्र पडताच तो आपोआप बुजवायचा. लहान खिळ्यापुरते ते उत्तम चाले. पण मोठा खिळा गेला आणि ट्यूब उघडावी लागली की कारागिराची पंचाईत होई, कारण कानशीने घासलेल्या जागेवर आतून ओल येत राही आणि सोल्युशन धरीत नसे; ठिगळ लावावे तर ते दाबाखाली सरके. मी त्या मुलांबरोबर बसून द्रव पिळून काढणे, जागा पुसणे, सुकवणे, मग घासणे असा क्रम बसवला, आणि त्या वेळाची निराळी मजुरी त्यांनी घ्यावी असे ठरवून तसा दर फलकावर लिहिला. गिऱ्हाईक कुरकुरले, पण कष्टाचा दाम लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नसते.

आता भारदस्त नावांविषयी. कवच, वज्र, आजीवन, अभेद्य, आणि ज्याच्या शेवटी ‘प्रूफ’ आहे असे काहीही. या नावांच्या बाटल्या घेऊन विक्रेते येत, त्यांच्यापाशी लाकडी फळीवर बसवलेला टायराचा तुकडा असे, त्यात ते खिळा ठोकून काढून दाखवीत, आणि पाहणारे थक्क होत. प्रयोग खोटा नसे. मात्र खिळा नेहमी टायराच्या जाड, जमिनीला टेकणाऱ्या भागातच ठोकला जाई. बाजूची भिंत, जी प्रत्येक वळणावर वाकते आणि जेथे कोणतीही गाठ टिकत नाही, तिला ते कधी हात लावीत नसत. शिर्डीला निघालेले एक कुटुंब अशाच एका बाटलीच्या भरवशावर, टायराच्या बाजूला कापल्याची खूण दिसत असूनही तशीच मोटार हाकीत आमच्यापर्यंत आले. गाडीत लहान मुले होती. टायराचा तो फुगवटा पाहून मला जे वाटले ते आजही मी विसरलेलो नाही. त्या गृहस्थांनी बाटली दाखवली, तिच्यावर आजीवन हमीचा मजकूर होता, आणि छिद्र किती मोठे, कोठले, याविषयी एक अक्षर नव्हते. तो माल मी त्या दिवसापासून फळीवर ठेवला नाही. द्रवाचा यात दोष नव्हता. त्याच्या कुवतीबाहेरचे वचन त्याच्या नावे दिले गेले होते. शिवाय मोटारीच्या वेगात या द्रवाने चाकाचा तोल बिघडतो, रात्रभर उभ्या गाडीत तो खाली साचतो आणि सकाळी पहिला काही वेळ स्टिअरिंग थरथरते, हेही सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होते. फवाऱ्याच्या डब्यातून तात्पुरती हवा व द्रव भरण्याचे जे प्रकार निघाले, त्यांतल्या काहींत पूर्वी ज्वालाग्राही वायू असे. ज्या कारागिराला टायर दुरुस्तीसाठी तापवावा लागतो त्याला आत काय भरले आहे ते ठाऊक नसेल तर जिवाशी खेळ होतो.

हा विषय आता केवळ सायकल-ट्रॅक्टरपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२० च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, आणि ज्या प्रवासी मोटारींना ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरातील दाब सांगणारे यंत्र आहे त्यांना स्टेपनी नसली तरी चालेल अशी मुभा दिली. म्हणजे ज्या चाकाकडे बोट दाखवून ‘हे पाहा, आहे’ असे म्हणता येत असे, त्याच्या जागी पुष्कळ मोटारींत एक बाटली आली. डोळ्यांना दिसणारी खातरी जाऊन तिच्या जागी मजकुरातली खातरी आली, आणि म्हणून त्या मजकुराची जबाबदारी पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे.

या जबाबदारीचा विचार करण्याचा प्रसंग मला अलीकडे आला. औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना काढलेला एक तरुण अभियंता स्वतःचा द्रव तयार करतो. त्याचा माल मी माझ्या हाताने पारखला आहे आणि तो चांगला आहे. नावासाठी तो माझ्याकडे आला, आणि येताना यादीत वज्र, कवच ही सारी नावे घेऊन आला. त्याच्या वकिलाने त्याला आधीच सांगितले होते की १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या नवव्या कलमान्वये, मालाचा प्रकार, गुण किंवा उपयोग नुसता सांगणारे नाव सामान्यतः नोंदले जात नाही. आणि टायर दुरुस्तीची संयुगे पहिल्या वर्गात पडतात, रबरी ठिगळे मात्र बाराव्या. मी त्याला म्हणालो, चिकटा म्हण. त्याच्या वडिलांनी ते तत्काळ फेटाळले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. ज्याच्या ज्वारीवर चिकटा पडून कणसे काळी झाली आहेत तो शेतकरी त्या नावाला दमडी देणार नाही. मग डिंक सुचला. तो वकिलाच्या कलमात अडकला. शेवटी त्या मुलाची आई म्हणाली की, डिंक कोणाचा, बाभळीचा. मग बाभूळच का म्हणू नये? ज्या झाडाचा काटा टायर फोडतो तेच झाड स्वतःला जखम झाली की डिंकाने ती बुजवते, हे तिने विळ्याने फांद्या तोडताना आयुष्यभर पाहिले होते. त्या क्षणी मला ते नाव पूर्णपणे पटले. वितरकाचा विरोध आहे. ज्याने पंक्चर होते त्याचे नाव पंक्चरच्या औषधाला देणे हा अपशकुन, असे तो म्हणतो. मला तसे वाटत नाही, कारण आमच्याकडचा प्रत्येक गाडीवान ते नाव वाचताच हा द्रव कशासाठी आहे ते काही न सांगता समजेल.

अर्ज अजून जायचा आहे. नाव बहुधा तेच राहील. आमचे खरे मतभेद आहेत ते खालच्या ओळीबद्दल: किती मिलिमीटरचे छिद्र, टायराचा कोणता भाग, किती महिन्यांनी बदलावा, आणि दुरुस्तीला नेताना कारागिराला आधी सांगावे हे सूचनावाक्य. तो मुलगा ती ओळ पाठीमागे, बारीक अक्षरांत छापावी म्हणतो, कारण सारेच तसे छापतात. मी त्याला सांगितले आहे की ती पुढच्या बाजूला, नावाच्या लगेच खाली आणि मराठीत आली, तरच माझ्या दुकानातली दर्शनी फळी त्याला मिळेल.